केसपेपर क्रमांक १,६३,०४,७७७

कोन, ६ जानेवारी २०२६

ती. रंभाताईस धर्माचा नमस्कार.

फोनच करणार होतो. पण आपला फोन म्हणजे तू उरणहून ओरडणार, मी इथून ‘काय?’ विचारणार आणि शेवटी जेवलास का, जेवलो, एवढ्यावर दोघांनी ठेवून द्यायचा. माझे कान आता एवढेच. त्यात विषय आकड्यांचा आहे, तो कागदावरच बरा.

परवा हितेश मला डॉक्टरकडे घेऊन गेला. गेल्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून मी बाहेर पडलो होतो. शेजारचा काळूराम धावत आला, “दादा, गॅस चालू हाय, पातेला जलला. तुमी हितं काय करता?” मी गोडाऊनच्या भिंतीला लागून पावलं मोजत होतो. आपल्या जुन्या शेताच्या हद्दीचा दगड नेमका कुठे गाडला गेला ते बघत होतो. एकतीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली, ती सवय सुटत नाही. गेलं ते एक पातेलं. पण लेकाच्या मनाने घेतलं की बापाचं डोकं कामातून चाललं.

डॉक्टर सभ्य होते. वार विचारला, महिना विचारला. मग म्हणाले, काका, शंभरातून सात वजा करा, जे येईल त्यातून पुन्हा सात, असं करत जा. मी म्हटलं, शेवटी दोन उरतात. ते म्हणाले, तसं नाही, एकेक सांगा. मी म्हटलं, चौदा साते अठ्ठ्याण्णव, दोन उरले, मधलं कशाला? त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. गाडीत बसल्यावर हितेश हळूच म्हणतो, बाबा, तुम्हाला वजाबाकी जमली नाही.

त्याचं म्हणणं, कोनचं घर बंद करावं आणि मी खारघरला त्याच्या एकोणिसाव्या मजल्यावर राहायला जावं. सूनबाई रंजिता गुणाची आहे, माझ्यासाठी खोलीही रिकामी करायला लागली. पण तिथे मी करू काय? इथे आजही महिन्याला दोन माणसं येतात, दादा, आमचा बांध कुठून जायचा ते सांगा म्हणून. तिथे लिफ्टमधली माणसं फार तर कितवा मजला विचारतील.

मग चिडून मी पैज लावली. केसपेपरच्या कोपऱ्यात माझा नंबर छापलाय: १,६३,०४,७७७. ही संख्या मूळ आहे की तिला कुणी भाजक आहे, ते मी हाताने शोधून काढणार. यंत्र नाही, कुणाची मदत नाही. चूक न करता शेवटपर्यंत गेलो तर घराचा विषय कायमचा बंद. एक जरी भाजक सुटला तर मी आपण होऊन बॅग भरतो. हितेश हसला आणि हो म्हणाला. त्याने अट घातली ती एकच, तपासणार रंभाआत्या. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई सख्ख्या भावालाही अर्धा गुण वाढवून देणार नाही, हे तो ओळखून आहे.

तर ताई, ४,०३८ चा वर्ग या संख्येच्या पुढे जातो. म्हणजे ती फुटणारी असेल तर तिचा लहान अवयव ४,०३८ च्या आतच सापडायला हवा. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांची यादी तू करून पाठव. मी त्या क्रमाने भागत जातो. यादी मीच केली तर पोरगा त्यातही खोट काढेल. मिठागराच्या बांधावर बसवून पाढे तूच मला शिकवलेस, तुझ्या यादीवर मी डोळे मिटून चालेन.

लवकर पाठव. मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून अंगणात चाळीस फेऱ्या झाल्या.

धर्मा

*

उरण, १३ जानेवारी

चि. धर्मास आशीर्वाद.

वय चौऱ्याहत्तर आणि पैजा चौथीतल्या! तुझं पत्र वाचून आधी हसले, मग तुझा राग आला, मग पट्टी घेऊन बसले.

शंभर-शंभर आकड्यांचे तक्ते आखले, एकेचाळीस पानं झाली. त्यात दोनाचे पट खोडले, तिनाचे खोडले, पाचाचे, साताचे, असं करत एकसष्टापर्यंत गेले. जे आकडे न खोडता उरले त्यांची ही यादी, तुझ्यासाठी सुवाच्य अक्षरात उतरवली आहे. एकूण ५५७ निघाल्या. नात प्रांजलला म्हटलं, बाई, फोनवर एवढंच बघ की किती असायला हव्यात. ती म्हणाली, ५५७. कुंदन आणि मनिषा बघतच राहिले. लेकाला आणि सुनेला वाटतं आजीला आता फक्त मालिका कळतात.

माझे नियम ऐक. प्रत्येक भागाकार पुरता लिहायचा, बाकीखाली दोन रेघा. मी नवाचा ताळा घेऊन एकेक तपासणार. खोडलंस तर चालेल, पण खोडलेलं दिसलं पाहिजे. रबर वापरायचं नाही. चूक झाली यात लाज नाही, लपवण्यात आहे, हे मी चौतीस वर्षं पोरांना सांगत आले. आणि उत्तर मी यंत्रावर बघणार नाही, हे माझं तुला वचन.

मनिषाने मोटारवालं शिवणयंत्र घेतलं, निळ्या रंगाचं. पहिलं काम म्हणून माझ्या उशीचे अभ्रे शिवले.

तिळगूळ पाकिटात घातला तर वाटेतच संपेल, तेव्हा गोड बोलण्यावरच भागव.

रंभाताई

*

कोन, २ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

हजाराच्या आतल्या १६८ संख्या संपल्या. वही सोबत पाठवतो आहे, एकही सापडली नाही. सातावर माझा फार भरवसा होता. शेवटी तीन साती ओळीने उभ्या आहेत, पण बाकी सहा. एक जास्त असता तर बिनबोभाट गेली असती. ९९७ ला बाकी ८३६. वाटतं, पुढच्याने जाईल. पुढच्यानेही जात नाही. मग चहा ठेवतो, गॅस बंद केला का ते तीनदा बघतो, परत येऊन बसतो, परत उठतो. हायवेवरच्या ट्रकांचे नंबरही भागायला लागलोय. काळूराम म्हणाला, “दादा, तुमी बोटांवं काय मोजता सारखा?”

एक गोष्ट फक्त तुला सांगतो. परवा पनवेलला वह्या आणायला निघालो आणि उतरलो कळंबोलीच्या सर्कलला. कशाला उतरलो ते आठवेना. आपण कुठे निघालो होतो तेही आठवेना. पाच मिनिटं तिथेच उभा होतो, ताई. मग समोरच्या कंटेनरचा नंबर तेराने भागून पाहिला, बाकी चार आली, आणि मागोमाग सगळं परत आलं. वह्या, पनवेल, घर. हितेशला यातलं काही कळू देऊ नकोस. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून तुला सांगितलं.

धर्मा

*

उरण, ९ फेब्रुवारी

चि. हितेशला आशीर्वाद.

मला तुमचं ते फोनवर लिहिणं जमत नाही. हा कागद प्रांजल फोटो काढून तुला पाठवेल.

मी माझं वचन मोडलं आहे. तुझ्या बाबाचं पत्र आलं आणि मला चैन पडेना. ती संख्या प्रांजलला दिली. तिने बोट लावलं आणि उत्तर आलं, मला चष्मा नीट करायलाही वेळ मिळाला नाही. ती मूळ नाही. ३,२५९ गुणिले ५,००३. दोनच अवयव, तिसरा नाही.

त्याची वही मी पान न् पान तपासली. १६८ भागाकारांत एकही चूक नाही. हे तुला मुद्दाम सांगते. तुझ्या डॉक्टरांनाही सांग. शिमग्याच्या सुमारास तो ३,२५९ वर पोचेल. तिथे त्याला बाकी शून्य आली, तर तू पुन्हा घर बंद करण्याची भाषा काढायची नाहीस. नाही आली, तर मी स्वतः त्याला सांगेन की आता लेकाकडे जा. तोवर तोंड बंद ठेव. मीही ठेवते. रोज टपालवाल्याची वाट बघते आणि तो आला की पाकीट उघडायला हात धजत नाही.

आत्या

*

कोन, ८ मार्च

ती. ताईस नमस्कार.

ही आठवी वही, ३,००१ ते ३,४००. होळीला नारळ वाहून आलो, काळूरामने ओढून नाचायलाही नेलं. दोन पावलं टाकली आणि परत येऊन वही उघडली. आता सोसवत नाही. अजून ऐंशीएक उरल्या. जसजसा शेवट जवळ येतो तसतशी भूक कमी होत चाललीय.

पण मास्तरीणबाई, तुमचा डाव पकडला! ३,२५७ ने भागलं, बाकी २३५. यादीत पुढची होती ३,२६३. लिहायला घेतली आणि पेन थबकलं. ही कसली मूळ? तेरा गुणिले दोनशे एक्कावन्न. तेराने तर मी पहिल्याच दिवशी भागून बसलोय. मला पाडायला खड्डा खणून ठेवलास ना? शाळेतही फळ्यावर मुद्दाम चुकीचं लिहायचीस आणि कोण हात वर करतो ते बघायचीस. मी तिच्यावर रेघ मारली आणि सरळ ३,२७१ ला गेलो. बाकी २,११३.

सांग आता, कुणाचं डोकं चाललंय?

धर्मा

*

उरण, १४ मार्च

चि. धर्मास आशीर्वाद.

हो रे बाबा, खड्डाच होता. तू बरोबर पकडलास.

आठवी वही मी तपासली, आधीच्या वह्यांसकट सोबत परत पाठवतेय. जे भागाकार आहेत ते सगळे बरोबर आहेत. तरी माझं ऐक, पुढे पळण्याआधी मागची पानं एकदा निवांत चाळ. खड्डा सापडल्याच्या आनंदात माणूस शेजारची पायरी चुकतो. घाईत एखादी संख्या गळली नाही ना, तेवढं यादीशी ताडून बघ. याहून जास्त मी सांगू शकत नाही.

आणि हो, एक बातमी राहिलीच. मनिषाने शिवणयंत्र घेतलंय, मोटारवालं, निळं. पायाने मारावं लागत नाही. माझ्या उशीला अभ्रेसुद्धा शिवले.

तब्येतीला जप. जेवत जा.

रंभाताई

*

कोन, २७ मार्च

ती. ताईस नमस्कार.

संपलं.

शेवटची ४,०२७. बाकी ३,४८१. पेन खाली ठेवलं आणि अंगणात येऊन नुसता उभा राहिलो. तू म्हणालीस म्हणून मागच्या सगळ्या वह्याही चाळल्या. यादीतल्या प्रत्येक संख्येपुढे माझं टिंब आहे. तुझा खड्डा सोडून ५५६ भागाकार, आणि एकातही शून्य नाही. म्हणजे ही संख्या मूळ आहे. एक कोटी त्रेसष्ट लाख चार हजार सातशे सत्त्याहत्तर, आणि कुणाला फोडता येत नाही! हॉस्पिटलवाल्यांनी मला नंबर दिला तो बघ कसा निघाला.

हितेशला मी अजून बोललो नाही. निकाल तू द्यायचास. पण काळूरामला सांगून टाकलं की मी कुठे जात नाही. तो म्हणाला, “जाव नका. तुमी गेलाव तर आमचा बांध कोण दाखवल?” खिडक्यांना रंग द्यायला माणूसही सांगितलाय, मोरपिशी. तुझी वहिनी असती तर म्हणाली असती, हा काय रंग आहे का. पण तिलाच तो आवडायचा.

निकाल लवकर पाठव.

धर्मा

*

उरण, २ एप्रिल

चि. धर्मास आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

ती संख्या मूळ नाही, धर्मा. ३,२५९ ने ती पूर्ण जाते. तुझ्या आठव्या वहीत ३,२५९ चा भागाकारच नाही. चार हजार अडतीसच्या आत ५५७ मूळ संख्या आहेत, तुझे भागाकार ५५६. एक सुटली, आणि नेमकी तीच सुटली जिची गरज होती. मला हे फेब्रुवारीपासून ठाऊक होतं. वचन मोडून उत्तर पाहिलं होतं, हा माझा अपराध. मागची पानं चाळ म्हटलं ते त्यासाठीच. मला वाटलं सापडेल.

तू केलेला एकही भागाकार चुकलेला नाही. पण हितेश म्हणतो, आत्या, चूक करण्यापेक्षा विसरणं वाईट, गॅसच्या वेळीही हेच झालं होतं. १२ तारखेला, रविवारी, तो गाडी घेऊन येईल. अट तूच घातली होतीस. राजा, हट्ट करू नकोस. त्याच्याकडे गेलास तर मला रोज धास्ती तरी राहणार नाही.

रंगवाल्याला थांबव.

मनिषाने नवं शिवणयंत्र घेतलं. निळं आहे. छान चालतं.

रंभाताई

*

कोन, ७ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

१,६३,०४,७७७ भागिले ३,२५९. भागाकार ५,००३, बाकी शून्य. आज सकाळी केला. तू म्हणतेस ते खरं आहे.

सोबत तू पाठवलेल्या यादीचं एक पान परत पाठवतोय. तुझं अक्षर आहे. त्यात ३,२५३ आहे, ३,२५७ आहे, मग ३,२६३ आहे. मधे काही नाही. मी तुझ्या यादीबाहेर गेलो नाही, एवढंच.

तरी अट ती अट. ‘एक जरी भाजक सुटला’ असं मी म्हटलं होतं. कुणामुळे सुटला, असं त्यात नव्हतं. यादी ताडून बघणं हे माझंही काम होतं, ते मी केलं नाही. हितेशला यादीचं काही कळवू नकोस. पोराच्या नजरेत तू गणितवाली आत्या आहेस, तशीच राहा.

बॅग भरली आहे. रंगवाला आला होता, परत पाठवला.

धर्मा

*

उरण, १० एप्रिल

चि. धर्मा,

हे पत्र प्रांजलच्या हाती देतेय. उद्या ती आधी खारघरला जाऊन हितेशला वाचायला देईल आणि मग त्यानेच ते रविवारी तुझ्याकडे आणायचं आहे.

मी तक्ते आखले होते ते कच्चे कागद माझ्या ट्रंकेतच होते. तू परत पाठवलेलं यादीचं पान बघून काल काढले. तेहेतिसावं पान, ३,२०१ ते ३,३००. तेराचे पट खोडताना ३,२११ पासून सुरुवात करायची होती. मी ३,२०७ पासून केली. पुढे उड्या तेरा-तेराच्या बरोबर मारल्या, पण प्रत्येक उडी चार घरं अलीकडे पडली. त्या वाटेत ३,२५९ होती, ती खोडली गेली. आणि ३,२६३ खोडायला हवी होती, ती तशीच राहिली. खरी एक गेली, खोटी एक आली, म्हणून मोजणी ५५७ च भरली आणि मी फुशारले. त्या पानावर बसले होते तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं, मला आठवत नाही. धर्मा, ते पान केलेलंच आठवत नाही.

तो खड्डा नव्हता. मी खोटं बोलले. तुझं शिमग्याचं पत्र वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. त्याच क्षणी ट्रंक उघडायला हवी होती. महिनाभर रोज त्या ट्रंकेवर घडी करून चादरी ठेवत होते आणि उघडत नव्हते. तुझं विसरणं मला दिसत होतं, माझं मला बघायचं नव्हतं. तुला घरातून काढायला निघाले होते मी, माझ्या चुकीवर.

हितेश, तूही वाच. तुझ्या बाबाने ५५६ भागाकार केले आणि एकही चुकवला नाही. चुकली ती तपासणारी. माझा निकाल असा, की पैज धर्मा जिंकला. आता हे कुंदन आणि मनिषाही वाचतील आणि मला त्याच डॉक्टरकडे नेतील. नेऊ देत. पोरांना शिकवलं ते एकदा स्वतःही करून बघते.

रंभा

*

कोन, १४ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

रविवारी हितेश आला. गाडीची डिकी रिकामी करूनच आला होता. दारात उभा राहून तुझं पत्र त्याने माझ्या हातात दिलं आणि मी वाचेपर्यंत पायऱ्यांवर बसून राहिला. आत आला तेव्हा विचारलं, “बाबा, यादी चुकली होती हे तुम्हाला कळलं होतं. मग बॅग का भरलीत?” मी म्हटलं, अट होती. त्याने बॅग पलंगावर उपडी केली आणि माझे सदरे एकेक घडी करून कपाटात ठेवत बसला. लहानपणी त्याचे कपडे मी असे ठेवायचो. मग दोघांनी पिठलं केलं.

कळंबोलीचं मी त्याला स्वतःच सांगितलं. जाताना तो गॅसला आपोआप बंद होणारी चावी बसवून गेला आणि माझा नंबर-पत्ता लिहिलेला कागद पाकिटात घालायला लावला. दोन्हीला मी नाही म्हटलं नाही. दर दोन महिन्यांनी डॉक्टरकडे जायचं, हेही कबूल केलं. घराचा विषय त्याने काढला नाही. उलट विचारलं, खिडक्यांना कोणता रंग सांगितला होता.

आता माझं ऐक. निळ्या शिवणयंत्राची बातमी तू मला तीन पत्रांत दिलीस, तिन्ही वेळा पहिल्यांदाच दिल्यासारखी. दुसऱ्यांदा आली तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. तू ‘खड्डाच होता’ लिहिलंस त्याच पत्रात ती होती. ३,२६३ हा डाव नसून चूक असेल, हे तेव्हाच मला वाटून गेलं. बोललो नाही. परीक्षक चुकतोय म्हटलं तर परीक्षाच रद्द होईल, आणि मला तर ती जिंकायची होती. घर वाचवायच्या नादात बहिणीकडे पाहिलं नाही. यादी तेव्हाच तपासली असती तर ३,२५९ मलाच सापडली असती. तेव्हा चुकीचे दोन भाग कर, एक तुझा, एक माझा.

डॉक्टरांनी विचारलेलं गणित मी त्या दिवशी नीट केलंच नव्हतं. आता करतो. ९३, ८६, ७९, ७२, ६५, ५८, ५१. इथे थांबतो. पुढचं तू लिहून पाठव. प्रांजलला विचारू नकोस, यंत्र नको, रबर नको. आणि कुंदनशी बोलून महिन्यातले आठ दिवस इकडे येत जा. मी तुझं तपासतो, तू माझं तपास.

धर्मा

*

उरण, १९ एप्रिल

चि. धर्मास आशीर्वाद.

४४, ३७, ३०, २३, १७, १६, ९, २.

सतरावर आडवी रेघ दिसेल. आधी तेच लिहिलं होतं. पुढचा आकडा लिहायला गेले तेव्हा कळलं, म्हणून खोडून शेजारी सोळा लिहिले. दुसरा कोरा कागद समोरच होता. घ्यावासा वाटला, घेतला नाही. तू पाहावंस म्हणून तसंच पाठवतेय.

शेवटी दोन उरतात, तू म्हणाला होतास तसे.

डॉक्टरकडे गुरुवारी जाते आहे. कुंदन बरोबर येतो, त्याच्याशी आठ दिवसांचंही ठरलं. रविवारी तो मला कोनला सोडेल. रंग ओला असेल तर दारातच सांग, माझं लुगडं पांढरं आहे. तुझ्या वह्यांना दोन पिशव्या शिवून आणते आहे. कुणी शिवल्या आणि कोणत्या यंत्रावर, ते तुला ठाऊक आहे.

रंभाताई